लिंबावरचं मडकं

आमच्या घरमालकांकडे पाणी मागितलं की आधी शब्द द्यावा लागे. खोटं सांगत नाही. घाटावरून आलेला एखादा यात्रेकरू ओट्याशी थांबून "बाबा, पाणी" म्हणाला, की ते भरलेला तांब्या हातात धरून उभे राहायचे आणि विचारायचे, "गाव कुठलं? तुमच्याकडे ह्याला काय म्हणतात?" माणूस सांगे, तांब्या. "ते झालं. पण तांब्याला पोचा पडला तर?" तोवर त्या बिचाऱ्याच्या घशाला कोरड पडलेली असे. शब्द मिळाला की पाणी मिळे, आणि पाण्याबरोबर गुळाचा खडाही मिळे, हेही सांगितलं पाहिजे. नाहीतर म्हणाल, मेलेल्या माणसाची निंदा करतेय.

हे गुरुजी म्हणजे तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या मराठी शाळेचे हेडमास्तर. आमचे हे त्यांच्या हाताखाली मास्तर म्हणून लागले आणि राहायला जागा म्हणून त्यांनीच घराच्या अर्ध्या भागातल्या दोन खोल्या दिल्या. मी तेव्हा सोळा वर्षांची, लग्न होऊन चार महिने झालेले. माझं माहेर विसरवाडीकडचं, म्हणजे अर्धं रानातलंच म्हणा. गुरुजींचं वय पन्नाशीचं. मूलबाळ नव्हतं, आणि बायको मी येण्याआधी कार्तिकात गेली होती. मुलं त्यांना पाठीमागं राखुंडी मास्तर म्हणत. त्याला कारण एक तर ते दात राखुंडीनं इतके घासत की शाळेची प्रार्थना संपली तरी ओठाच्या कडेला काळी रेघ दिसे. दुसरं कारण पुढे येईलच.

शब्द ते चिठ्ठ्यांवर लिहायचे. गावात लग्न झालं की लोक जेवायला जात, गुरुजी लग्नपत्रिका गोळा करायला जात. पत्रिकेच्या कोऱ्या पाठीचे चौकोनी तुकडे कापायचे, त्यावर तीन ओळी. पहिली ओळ, शब्द. दुसरी, अर्थ. तिसरी, देणार. देणार म्हणजे शब्द ज्यानं दिला त्याचं नाव. सरपणाची मोळी विकायला येणाऱ्या भिलाच्या बाईपासून ते तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबापर्यंत सगळे देणार. साहेबानं शाळा तपासली, गुरुजींनी साहेबाला तपासलं, असं आमचे हे सांगत. चिठ्ठ्या सुतळीत ओवून खुंटीला टांगलेल्या असत. वारा आला की त्यांच्या खोलीतून खडखड आवाज येई आणि माझ्या सासूबाई, कधी राहायला आल्या तर, रामराम म्हणत उठून बसत.

माणसांचीही ओळख ते शब्दांवरून ठेवत. "तो कोण, पोच्यावाला का?" असं विचारत. एकदा त्यांनी कहरच केला. गावातला कापडवाला मारवाडी, त्याचे वडील वारले. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगा, भाऊबंद, सगळे खाली मान घालून नदीकडे चाललेले. गुरुजी शाळेच्या दारात. त्यांनी त्या मुलाला अडवलं! विचारलं, "राख सावडायला निघालात ना? तुमच्यात त्याला काय म्हणतात?" आमचे हे मागे उभे, ते म्हणाले, मला वाटलं आता गुरुजी मार खातात. तो मुलगा डोळे पुसत म्हणाला, "फूल चुगने जा रहे हैं, गुरुजी." चितेतून उरलेली हाडं म्हणजे त्यांच्यात फुलं. ती वेचायला निघाले होते. गुरुजींनी एकदा म्हटलं, "फूल." दुसऱ्यांदा म्हटलं, आणि भर रस्त्यात रडायलाच लागले. असे रडले, की ज्याचा बाप गेला तोच त्यांची समजूत घालू लागला, आणि शेवटी त्यांना हाताला धरून बरोबर घेऊन गेला. त्या दिवशी शाळा दोन तास उशिरा भरली.

पण मला सांगायचंय ते लिंबाचं. आमच्या दोन घरांचं अंगण एकच, आणि अंगणात लिंबाचं झाड. त्याच्या आडव्या फांदीला एक लहान मडकं टांगलेलं होतं. तोंडाला फडकं बांधलेलं, त्यावर मातीचा परळ झाकलेला, आणि पाऊस लागू नये म्हणून वर रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून केलेलं छप्पर. मी आले त्या दिवशीच मला ते माझ्या चुलीसमोरच्या झरोक्यातून दिसलं आणि बरं वाटलं. माहेरची आठवण झाली.

कारण आमच्याकडे बियाण्याची राख अशीच ठेवतात. वालाचं, गिलक्याचं बी वाळवून राखेत कालवायचं म्हणजे किडा लागत नाही. त्याला जुनी, थंड, बारीक राख लागते. ती मडक्यात भरून, तोंड बांधून, उंदरांपासून लांब टांगायची, कुणी वळचणीला, कुणी झाडाला. शेजारणीनं मागितली तर द्यायची, विचारायचीही गरज नाही. बियांच्या राखेला नाही म्हणू नये असं माझी आई सांगे. आणि मेलेल्या माणसाची राख? ती आमच्याकडे तिसऱ्याच दिवशी ओढ्याला जाते. झाडाला टांगून ठेवतात हे माझ्या बापजन्मी मी ऐकलेलं नव्हतं.

तुम्हाला कळलं ना, काय झालं ते? मला नाही कळलं.

आम्ही राहायला आलो तो फाल्गुन होता. आठवड्याच्या आत सासूबाईंनी गाडीवानाबरोबर बी पाठवलं, आणि निरोप, "राखेत घालून ठेव, एक दाणा किडला तर बघ." माझी चूल नवी, तिच्यात पाच दिवसांची राख, तीही अर्धी भांड्यांना गेलेली. मी पदरात बी घेतलं, लिंबाखाली गेले, मडकं उतरवलं. काय सुरेख राख होती! पांढरी, मऊ. बियांना पुरेपूर लावली. बरीच लागली. तळाशी मूठभरसुद्धा उरली नसेल. फडकं परत बांधून मडकं होतं तिथं टांगलं आणि मनात म्हटलं, घरमालकीण गेली तरी तिची राख किती चांगली. हे शब्द मी खरंच मनात म्हटले होते. अजून आठवले की जीभ चावते.

ज्येष्ठात मोरीच्या कडेनं बी लावलं. आषाढात वेल टीचभर वर आले आणि तापीच्या जन्माच्या सप्तमीला नवापूरहून गुरुजींच्या सासूबाई आल्या.

म्हाताऱ्या, वाकलेल्या, एका डोळ्यात फूल पडलेलं. आगगाडीनं नंदुरबार, तिथून बैलगाडी, मग नाव, असं करत आलेल्या. घरात पाऊलसुद्धा न टाकता त्या थेट लिंबाखाली गेल्या, खोडाला कपाळ टेकलं आणि म्हणाल्या, "मन्ही पोर. कितला दिन टांगेल शे मन्ही पोर."

मी चुलीशी होते. हातात लाटणं होतं ते तसंच राहिलं. संध्याकाळी ह्यांना विचारलं तेव्हा सगळं समजलं. बायको गेली तेव्हा म्हातारी हिवतापानं अंथरुणाला खिळलेली. अस्थी तिसऱ्या दिवशी तापीत गेल्या, पण चितेची थोडी राख गुरुजींनी मडक्यात राखून ठेवली होती. आईनं आपल्या हातानं लेकीला नदीत सोडावं म्हणून. घरात ठेवायची नसते म्हणून झाडाला. उद्या सकाळी त्या घाटावर जाणार होत्या.

दाताखाली पदर धरून मी मोरीशी जाऊन उभी राहिले आणि ते टीचभर वेल बघितले. गुरुजींची बायको त्या वेलांच्या मुळाशी होती. आता उद्या मडकं उघडणार, रिकामं निघणार, आणि मग? नवी सून, आल्या आठवड्यात घरमालकाच्या बायकोची राख बियांना लावते. गावानं मला चेटकीण म्हटलं असतं आणि सासूबाईंनी माहेरची वाट दाखवली असती. ह्यांना सांगायचीही छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच ते दोघं निघतील म्हणून मी त्याच संध्याकाळी, म्हातारी देवळात गेलेली असताना, चुलीतली राख पदरानं गाळून घेतली, मडक्यात भरली, गाठ मारली. घाईत अर्धी राख माझ्याच पायावर पडली.

सकाळी म्हातारी न्हाऊन, कोरं लुगडं नेसून ओट्यावर बसलेली. घाटावरचे भटजी आलेले. आणि गुरुजी ओट्यावर येऊन म्हणाले, "आज विसर्जन नाही."

"का बरं?" भटजींनी विचारलं.

"ह्या राखेला तुम्ही रक्षा म्हणता. रक्षा म्हणजे रक्षण. जळून गेलेलं माणूस कुणाचं रक्षण करणार? हा शब्द आला कुठून? मला अडलंय. शब्द लागल्याशिवाय मी मडकं उतरवणार नाही."

भटजी म्हणाले, "अहो, असंच म्हणतात."

"असंच काही म्हणत नसतात," गुरुजी म्हणाले आणि शाळेत निघून गेले.

म्हातारी आ वासून बसली. भटजी सबंध गावात सांगत सुटले की हेडमास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला. त्या दिवसापासून राखुंडी मास्तर हे नाव पक्कं झालं. आणि मी? मी देवापुढे साखर ठेवली. म्हटलं, देवा, ह्या माणसाचं वेड असंच राहू दे.

राहिलं की! नऊ वर्षं राहिलं. दर आषाढात म्हातारी यायची, लिंबाला कपाळ टेकायची, आणि विचारायची, "जावाई, लागना का तुमना शब्द?" आणि गुरुजी दर वर्षी नवीन काहीतरी काढायचे. एके वर्षी म्हणाले, राख हा शब्द 'रिक्त'वरून आला असावा, सगळं रितं होऊन उरते ती. म्हातारीला आशा वाटली. पण दोन दिवसांनी स्वतःच म्हणाले, छे, जमत नाही. दुसऱ्या वर्षी म्हणे 'रुक्ष'वरून. तेही मोडलं. एकदा त्यांनी राखेचं सगळं गोतच ओट्यावर मांडून दाखवलं. "राखुंडी ही राखेची गरीब घरी दिलेली लेक. विभूती मठात गेली. भस्म वैद्याच्या घरी नांदतंय. आणि रक्षा ही थोरली जाऊ, संस्कृत शिकलेली, ती माहेरचं नावच सांगत नाही!" म्हातारी म्हणाली, "जावाई, माले जावा नको. माले मन्ही पोर मोकळी करनी शे." जावयाला सासूनं फार बोलू नये, म्हणून ती गप्प बसे, आणि परतीच्या गाडीत चढताना मला म्हणे, "तू तरी सांग त्याले, माय."

मला म्हणे! मी काय सांगू? राखेचा विषय निघाला की मी घागर उचलून पाण्याला जायची. एवढं पाणी मी त्या नऊ वर्षांत भरलं की शेजारणींना वाटे हिच्या घरी म्हशी आहेत.

आणि वेल? वेलांनी तर मला जगू दिलं नाही. पहिल्या वर्षीच असे माजले की मोरीवरून लिंबावर चढले, मडक्याला वळसा घालून पार वर. गिलकी हातभर लांब आणि कोवळी. वालाच्या शेंगा तोडून तोडून हात दुखत. गुरुजींना एकट्याला स्वयंपाक, म्हणून रोजची भाजी माझ्याकडूनच जाई. पहिल्या दिवशी गिलक्याची भजी नेऊन दिली तर एक खाऊन म्हणाले, "सूनबाई, ह्या अंगणात अशी गिलकी कधी झाली नव्हती. आमच्या हिनं किती वर्षं खटपट केली. तिला वेलांचं फार वेड." ते पुढे म्हणाले, "ह्याचं बी ठेवा बरं का. मोडू देऊ नका." दर वर्षी त्यांचं तेच पालुपद, बी ठेवा. मी दर वर्षी ठेवत गेले, आता माझ्याच चुलीच्या राखेत. पुढे तर मोरीच्या पाण्यावर चैत्रातच वेल लावू लागले, म्हणजे आषाढात गिलकी येत.

त्यांना एक वाईट खोड होती, ती म्हणजे विस्तव मागायची. रोज सकाळी हातात गोवरीचा तुकडा घेऊन दारात हजर. "सूनबाई, विस्तव." काडेपेटी होती घरात. पण काडी ओढायची म्हणजे त्यांच्या जिवावर येई. पहिली काही वर्षं मी डोईवरचा पदर पुढे ओढून मुकाट्यानं निखारा द्यायची. पुढे दोन लेकरं झाली, जीभ सुटली.

नवव्या वर्षीची सप्तमी. म्हातारी आदल्या दिवशी आलेली. ह्या खेपेला तिला गाडीवानानं उचलून ओट्यावर ठेवलं होतं. दुसऱ्या डोळ्यानंही आता दिसत नव्हतं. लिंबापर्यंत मीच तिला हाताला धरून नेलं. खोड चाचपडत ती म्हणाली, "पुढला साल मी काय येत नही. आते मी गई म्हंजे हिले कोन मोकळी करी?" ती रडली नाही. त्यामुळे मलाच जास्त रडू आलं.

सप्तमीच्या सकाळी माझी धांदल. पुरण शिजतंय, धाकट्याला न्हाऊ घालायचंय, म्हातारी चुलीशी शेकत बसलेली. आणि गुरुजी दारात. "सूनबाई, विस्तव." दिला. पाव घटकेनं परत, "सूनबाई, विझला." माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अहो गुरुजी, एवढे शिकलात, पण एवढं कळत नाही? रात्री निखारा राखेत पुरून ठेवायचा! राख राखते विस्तव सकाळपर्यंत! ती कशासाठी असते मग, नुसते दात घासायला?"

बोलून गेले. आणि गुरुजी दारात ताठ उभे. हातातली गोवरी खाली पडली. मला वाटलं, रागावले. पण चेहरा रागाचा नव्हता. माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या पायाखाली विहीर खणली.

चुलीशी बसलेली म्हातारी एकदम ताठ झाली. "काय म्हनी ती? राख राखस?" मग मांडीवर थाप मारली. "लागना! जावाई, तुमना शब्द लागना! राखस ती राख, तीच रक्षा! चाला आते!"

आता मला कळलं मी काय केलं ते. नऊ वर्षं जो शब्द अडून बसला म्हणून मी वाचले, तो मीच माझ्या तोंडानं सोडवला होता. आंधळी म्हातारी भिंत धरून उभी राहिली होती. गुरुजी काहीतरी पुटपुटले, "आई, अजून नीट तपासायला हवं…" पण ती ऐकते का! "काय तपासनं शे? घरनी बाईले समजस, तुमले समजत नही?" आमचे हे लगेच भटजींना बोलवायला धावले. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक.

घाटावर मी म्हातारीला धरून उतरले. पाऊस पडून गेला होता, तापी गढूळ, पायऱ्या निसरड्या. मडकं गुरुजींच्या हातात. भटजींनी मंत्र म्हटले, फडकं सोडलं. गुरुजी घाईघाईनं म्हणाले, "आई, तुम्ही बसा, मी सोडतो." म्हातारी म्हणाली, "नही. मन्हा हातघाई." आपल्याच हातानं सोडायची म्हणून तिनं मडक्यात हात घातला.

साठ वर्षं त्या हातानं भांडी घासली होती. बी कालवलं होतं, चूल राखली होती. तिनं राख दोन बोटांत चोळली. परत चोळली. नाकाशी नेली.

ती म्हणाली, "हाई चुल्हानी राख शे."

आमचे हे भटजींकडे बघू लागले. गुरुजींनी घसा खाकरला, "आई, ते असं झालं की मीच—" आणि मला दिसलं, हा माणूस आता काहीतरी खोटं बोलणार, स्वतःवर घेणार. मग माझ्यानं राहवलं नाही. मी म्हातारीच्या पायाशी पायरीवर बसले आणि सगळं ओकले. बी, पदर, मडकं, वाल, गिलकी, पदरानं गाळलेली राख. "आजी, मला माहीत नव्हतं हो. आमच्याकडे बियांची राख अशीच टांगतात. मी नऊ वर्षं तोंड शिवून बसले. तुमची लेक मी मोरीशी पेरली. आता मला काय हवं ते बोला."

म्हातारीचा राखेनं भरलेला हात तसाच वर होता. मग तिनं तो माझ्या डोक्यावर ठेवला आणि विचारलं,

"बी उगनं का?"

"उगलं," मी म्हटलं. "सगळं उगलं. एक दाणा वाया गेला नाही. दर साल येतंय. लिंबावर चढतात वेल."

"गिलका लागतस?"

"हातभर."

तिनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. "पोरपनथीन तिले वेलनी हौस," ती म्हणाली. "आनी मी म्हनू, मन्ही पोर टांगेल शे. मंग ती टांगेल कथी व्हती?" आणि तिनं मडकं उचलून तापीत उपडं केलं. तळाची मूठभर जी खरी तिची लेक होती ती, आणि वरची माझ्या चुलीची, दोन्ही बरोबरच गेल्या. मग माझा खांदा धरून उठताना म्हणाली, "आते घर चाल. माले बी गिलका करी खावाड."

भटजींना हे शास्त्रात कुठं बसवावं कळेना. त्यांनी मुकाट्यानं हात जोडले. गावात कुणाला काही बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पुढे दर वर्षी मीही त्यांच्या घरी न विसरता गिलकी पोचवली.

त्या दुपारी म्हातारीनं पुरणाला हात लावला नाही. गिलक्याची भाजी आणि भाकरी खाल्ली, परत मागून घेतली, आणि वाटेला लागण्याआधी बी पदराच्या गाठीला बांधून घेतलं. नवापूरला तिच्या दाराशी वेल झाला, असा पुढं निरोप आला. त्यानंतर निरोप आला तो ती गेल्याचा.

पण त्याच संध्याकाळचं सांगायचं राहिलं. गुरुजी ओट्यावर बसले होते. मी अंगण झाडत होते, मान वर करायची लाज वाटत होती. त्यांनी हाक मारली. सुतळीच्या अगदी आतल्या टोकाची, सगळ्या चिठ्ठ्यांच्या मागची एक चिठ्ठी सोडून त्यांनी माझ्या हातात दिली. कागद पिवळा पडलेला, शाई तपकिरी झालेली.

शब्द: राख, रक्षा. अर्थ: विस्तव राखते ती. देणार: घरातून.

घरातून म्हणजे बायकोकडून. त्या काळी बायकोचं नाव कुणी लिहीत नसे.

"ही कधीची?" मी विचारलं.

"ती होती तेव्हाची. तेव्हाही मी शेजारी विस्तव मागायला जात असे. एकदा ओरडली, अगदी तुमच्यासारखीच."

"म्हणजे शब्द तुम्हाला आधीपासून ठाऊक होता?"

"हो."

"मग नऊ वर्षं लोकांकडून वेडा म्हणवून का घेतलंत? त्या म्हातारीला का ताटकळत ठेवलंत?"

"त्यांचं मला फार लागलं," ते म्हणाले. "ते माझ्या हिशेबी राहील." मग लिंबाकडे बोट दाखवून म्हणाले, "तुम्ही मडकं उतरवलंत तेव्हा मी खिडकीत होतो, सूनबाई. हाक मारणार होतो. तुम्ही पदरात बी सांभाळत होतात, आणि गाणं म्हणत होतात. सोळा वर्षांच्या. मी ओरडलो असतो तर दुसऱ्या दिवशी गाव ओरडलं असतं. आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही विसरवाडीच्या वाटेला. ती काही त्या मडक्यात परत आली नसती. मग आई आल्या. मडकं उतरवलं की त्यांना हातालाच कळणार, हे मला माहीत होतं. शब्द अडला म्हणण्याखेरीज मास्तर दुसरं काय म्हणणार?" आणि थोडं हसून, "गाठ मात्र तुम्हाला मारता येत नाही. दोन्ही वेळा मला सोडून परत मारावी लागली."

मी खराटा खाली टाकला आणि तिथंच बसून रडले. ते म्हणाले, "असं हमसून रडण्याला तुमच्या माहेरी काय म्हणतात?" मी रडता रडता हसले, आणि शब्द दिला. तो त्यांनी नवीन चिठ्ठीवर लिहून घेतला. मग जुनी चिठ्ठी माझ्या हातातून परत घेतली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, आणि 'देणार: घरातून' ह्याच्यापुढे एक शब्द लिहून चिठ्ठी माझ्याकडे दिली.

दोनदा.